झीज कोणी सोसावी?



वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर लढायांचा, राजघराण्यांचा आणि संतमंडळींचा इतिहास पुष्कळ वेळा सांगून झाला आहे. आज आम्ही ज्या वस्तूचा इतिहास सांगणार आहो, ती वस्तू येथे बसलेल्या बहुतेकांच्या खिशात किंवा पिशवीत या क्षणी आहे. मोबाइल ज्या छिद्रातून चार्ज होतो ते छिद्र आणि त्यात जाणारे वायरीचे टोक, एवढाच आजचा विषय. कोणी विचारील, कामगार संघटनेच्या माणसाला ही उठाठेव कशाला? आमचे शालेय शिक्षण बेताचे. विजेचे जे काही ज्ञान आहे ते पुस्तके मागून वाचल्याने आणि दुरुस्तीवाल्यांच्या बाकड्यापाशी बसल्याने मिळालेले. पण करार, पळवाटा, कायदा आणि झीज हे चार विषय आमच्या रोजच्या धंद्यातले आहेत, आणि या चिमुकल्या टोकाच्या इतिहासात ते चारही भरलेले आहेत.

आधी आपल्या घरातल्या भिंतीपासून सुरुवात करू. तीन पिनांचा प्लग हातात घेऊन पाहा. एक पिन बाकीच्या दोघींपेक्षा जाड आणि लांब असते. ही अर्थिंगची पिन. ती लांब का? प्लग आत जाताना ती सर्वांआधी टेकते आणि बाहेर येताना सर्वांमागून सुटते. म्हणजे विजेचा संबंध जितका वेळ आहे तितका वेळ माणसाला संरक्षण आहे. ही रचना ब्रिटनच्या १९३४ सालच्या मानकातून आपल्याकडे आली आणि पुढे भारतीय मानकात स्थिरावली. तिच्यामुळेच नाशकात घेतलेली इस्त्री सोलापुरात चालते. सगळ्यांचा प्लग सारखा असल्यामुळे इस्त्रीची प्रगती खुंटली, अशी तक्रार आजवर कोणी केलेली आम्ही ऐकली नाही. हे वाक्य लक्षात ठेवा. त्याचे काम पुढे पडणार आहे.

आता मोबाइलकडे वळू. २००० सालानंतरची काही वर्षे आठवून पाहा. पाहुणा घरी आला की पाण्याच्या तांब्यानंतर दुसरा प्रश्न असे, "तुमच्याकडे बारीक पिनचा चार्जर आहे का?" जाड पिन, बारीक पिन, चपटे तोंड, प्रत्येक कंपनीचे टोक निराळे, आणि कित्येकदा एकाच कंपनीच्या दोन मोबाइलांची टोके निराळी. युरोपीय आयोगाच्या मोजणीप्रमाणे २००९ साली युरोपात तीसहून अधिक प्रकारचे चार्जर होते. फोन बिघडला की चार्जरही निकामी. तो ना दुसऱ्याला उपयोगी, ना भंगारवाल्याला फारसा मोलाचा.

या गोंधळावरचा उपाय मात्र दुसऱ्याच घरात जन्मला होता. १९९० नंतरच्या संगणकाची पाठ ज्यांनी पाहिली असेल त्यांना आठवेल, की कीबोर्डला एक खाच, माऊसला दुसरी, प्रिंटरला तिसरी, मोडेमला चौथी. या साऱ्यांच्या जागी एकच खाच असावी म्हणून इंटेल, मायक्रोसॉफ्ट, आयबीएम, कॉम्पॅक, डिजिटल, एनईसी आणि नॉर्टेल या सात कंपन्या एकत्र आल्या आणि जानेवारी १९९६ मध्ये यूएसबी नावाचे पहिले मानक बाहेर पडले. या कामातले एक अग्रणी, इंटेलचे अजय भट्ट, हे बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठातून शिकून अमेरिकेस गेलेले अभियंते. मानकाच्या वापरावर स्वामित्वशुल्क ठेवले नाही, ही त्यातली मोठी गोष्ट. विहीर खणली आणि पाणी सर्वांना खुले केले.

त्या पहिल्या टोकात चार पट्ट्या होत्या. दोन विजेच्या, दोन माहितीच्या. विजेच्या दोन पट्ट्या माहितीच्या पट्ट्यांहून सुमारे एक मिलिमीटरने लांब ठेवलेल्या आहेत. आधी वीज स्थिर व्हावी, मग संभाषण सुरू व्हावे. आपल्या भिंतीवरच्या लांब पिनेचे हे धाकटे भावंडच म्हणा ना! वीज होती पाच व्होल्ट आणि फार तर अर्धा अँपिअर. मोबाइल चार्ज करणे हा तिचा मूळ उद्देश नव्हता. माऊस आणि कीबोर्ड चालावेत एवढीच अपेक्षा होती. टोक एकाच बाजूने आत जाई, आणि जगातल्या प्रत्येक माणसाने ते एकदा तरी उलटे लावून पाहिले असेल. भट्टांनी पुढे मुलाखतींतून याचे कारण सांगितले आहे: दोन्ही बाजूंनी चालणारे टोक करायचे तर तारा आणि मंडले वाढली असती, खर्च वाढला असता, आणि नव्या मानकाला आधी बाजारात पाय रोवायचे होते.

आता झिजेकडे येऊ. व्याख्यानाचे मर्म तेथे आहे. जोडणीत विजेचा स्पर्श पक्का व्हावा म्हणून एका बाजूला लवचीक स्प्रिंगपट्टी आणि दुसऱ्या बाजूला ताठ पट्टी असते. प्रत्येक वेळी टोक आतबाहेर करताना स्प्रिंगपट्टी वाकते, घासते आणि हळूहळू थकते. संगणकाच्या मूळ टोकाची मानकातली मर्यादा १,५०० वेळा होती. संगणकाला ती पुरेशी. पण मोबाइल दिवसातून तीन वेळा चार्जिंगला लावला तर पाचशे दिवसांत हिशेब संपला. पुढे आलेल्या मिनी टोकाची मर्यादा ५,००० आणि २००७ साली जाहीर झालेल्या मायक्रो टोकाची १०,००० वेळा झाली. त्याच हिशेबाने नऊ वर्षे.

ही वाढ कशी साधली? एक युक्ती अशी, की झिजणाऱ्या स्प्रिंगपट्ट्या मोबाइलच्या खाचेतून काढून वायरीच्या टोकात नेल्या. झीज थांबवता येत नाही. ती कोणाच्या वाट्याला घालायची एवढेच माणसाच्या हाती असते. वायर स्वस्त आहे, बाजारात मिळते, फेकून दुसरी घेता येते. मोबाइलची खाच मात्र आतल्या पाटीवर सोल्डर केलेली असते. ती गेली की दुकानदारापुढे हात जोडावे लागतात. तेव्हा झीज वायरीने सोसावी आणि मोबाइल वाचवावा, असा तो निवाडा.

निर्जीव वस्तूंच्या बाबतीत हा निवाडा शंभर टक्के योग्य आहे. पण तो समजला त्या दिवशी आम्हांला झोप लागली नाही. कारण कारखान्यातही हाच निवाडा रोज चालतो. यंत्र महाग, ते जपायचे. माणूस स्वस्त, दाराशी दुसरा उभा आहे. लाखांच्या यंत्राला वंगण वेळेवर मिळते आणि त्यापुढे उभ्या असलेल्या कंत्राटी कामगाराच्या कमरेचा, डोळ्यांचा, फुप्फुसांचा हिशेब कोणत्याच वहीत नसतो. अभियंत्यांनी निदान स्पष्ट लिहून ठेवले, की कोणता भाग झिजणार आणि किती वेळा. आमच्या उद्योगांत तेही लिहिलेले नसते.

असो. इतिहासाकडे परत येऊ. टोक चांगले झाले म्हणून ते सर्वांनी आपण होऊन स्वीकारले असे घडले नाही. चीनच्या सरकारने डिसेंबर २००६ मध्ये मोबाइल चार्जरसाठी मानक काढून चार्जरच्या बाजूस यूएसबीची खाच ठरवून दिली. २००९ साली युरोपीय आयोगाच्या आग्रहाने मोठ्या मोबाइल कंपन्यांनी समजुतीच्या करारावर सह्या केल्या, की मायक्रो टोक हेच समाईक टोक मानू. पण करारात एक कलम होते: ज्याला आपली खाच निराळी ठेवायची असेल त्याने मधला जोडतुकडा द्यावा म्हणजे झाले. ज्यांनी आयुष्यभर करार वाचले आहेत त्यांना अशा कलमाचा वास दुरून येतो. दाराला कुलूप लावायचे आणि खिडकी उघडी ठेवायची, त्यातला प्रकार. ॲपल कंपनीने करारावर सही केली आणि २०१२ साली लाइटनिंग हे स्वतःचे नवे टोक आणले.

येथे न्यायाने बोलले पाहिजे. ऐच्छिक करार अगदीच वाया गेला नाही. तीसहून अधिक प्रकारांचे चार्जर पुढे तीनांवर आले. आणि लाइटनिंग हे टोक वाईट नव्हते. ते दोन्ही बाजूंनी लागत असे. ही सोय सार्वजनिक मानकात दोन वर्षांनी आली. पण ते बनवायला मालकाचा परवाना लागे आणि वायरीत ओळख पटवणारी चिप असे. सोय होती, पण तिला फाटक होते आणि फाटकावर पहारेकरी होता.

ऑगस्ट २०१४ मध्ये यूएसबीचे टाइप-सी मानक प्रसिद्ध झाले. खाच सुमारे ८.४ मिलिमीटर रुंद आणि २.६ मिलिमीटर उंच. एवढ्याशा जागेत बारा-बाराच्या दोन ओळींत चोवीस पट्ट्या. वीज आणि जमीन यांच्या पट्ट्या अशा मांडल्या, की टोक उलटे केले तरी त्यांच्या समोर त्याच पट्ट्या येतात. स्प्रिंगपट्ट्या येथेही टोकाकडे, मर्यादा १०,००० वेळा. आणि एक नवी पट्टी आली जिचे काम फक्त विचारपूस करणे. टोक कोणत्या बाजूने लागले, समोर कोण आहे, त्याला किती वीज चालेल, हे ती ठरवते. मोठी वीज हवी असेल तर चार्जर आणि यंत्र यांत रीतसर वाटाघाटी होतात. चार्जर सांगतो, मजजवळ इतके व्होल्ट आहेत. यंत्र सांगते, मला इतके पुरे. आणि एकमत झाल्यावरच व्होल्ट वाढतात. एकमत झाले नाही तर पाच व्होल्टांवर काम चालते. सुरुवातीस ही मर्यादा १०० वॅट होती, २०२१ साली ती २४० वॅटपर्यंत गेली. वाटाघाटीशिवाय दाब वाढवू नये, हा नियम यंत्रांनाही पाळावा लागतो, हे मालकमंडळींनी ध्यानात घेण्यासारखे आहे.

पण वाटाघाटीत कोणी खोटे बोलला तर? तसेही झाले. जुन्या खाचेतून नव्या टोकाकडे जाणाऱ्या वायरीत ५६ किलोओहमचा एक रोधक हवा असतो. "माझ्या मागे जुना, अशक्त चार्जर आहे, जपून ओढा" असे तो यंत्राला सांगतो. २०१५ साली बाजारात अशा पुष्कळ वायरी आल्या, ज्यांत १० किलोओहमचा चुकीचा रोधक होता. वायर यंत्राला खोटेच सांगे, की मागे बलदंड चार्जर आहे. गूगलमधले अभियंते बेन्सन ल्युंग यांनी अशा वायरी स्वतः विकत घेऊन, तपासून, निकाल जाहीर केले. २०१६ साली उलटसुलट तारा जोडलेल्या एका वायरीने त्यांचा तपासणीचा संगणकच निकामी केला. नियम कागदावर असणे निराळे आणि तपासनीस असणे निराळे, हे फॅक्टरी इन्स्पेक्टरची वाट पाहणाऱ्यांना आम्ही वेगळे सांगावयास नको.

शेवटी युरोपने कायद्याचा मार्ग धरला. ४ ऑक्टोबर २०२२ रोजी युरोपीय संसदेने ६०२ विरुद्ध १३ मतांनी समाईक चार्जरचा कायदा संमत केला. २८ डिसेंबर २०२४ पासून तेथे विकले जाणारे नवे मोबाइल, टॅब्लेट, कॅमेरे, हेडफोन यांना टाइप-सी खाच सक्तीची झाली; लॅपटॉपसाठी २८ एप्रिल २०२६ ही तारीख ठरवली गेली. चार्जर न घेता नुसता मोबाइल विकत घेण्याचा हक्कही गिऱ्हाइकाला मिळाला. टाकून दिलेल्या आणि पडून राहिलेल्या चार्जरांचा कचरा युरोपात वर्षाला ११,००० टन होतो, असा आयोगाचा अंदाज होता. ॲपलने सक्तीमुळे संशोधन खुंटेल असा आक्षेप घेतला होता. सप्टेंबर २०२३ मध्ये त्याच कंपनीचा मोबाइल टाइप-सी खाच घेऊन बाजारात आला. इस्त्रीचे वाक्य आता आठवा. खाच समाईक झाली म्हणून खाचेमागच्या यंत्राचे संशोधन थांबत नाही. आणि उद्या याहून चांगले टोक निघाले तर कायदा बदलावा लागेल, हेही खरे. समाईक वस्तू बदलायला सर्वांची संमती लागते आणि वेळ लागतो. ती किंमत आहे, आणि आमच्या मते ती देण्याजोगी आहे.

आपल्याकडे नोव्हेंबर २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने कंपन्यांची बैठक घेतली आणि टाइप-सी टप्प्याटप्प्याने स्वीकारण्यावर एकमत झाले. भारतीय मानक ब्यूरोने टाइप-सीचे भारतीय मानकही प्रसिद्ध केले. मानक ही पहिली पायरी; सक्ती आणि तपासणी या पुढच्या.

या इतिहासाने आम्हांला एक प्रश्न दिला, तो आपल्या स्वाधीन करतो. कोणतीही व्यवस्था पाहिली की तिच्यात झीज कोठे पडते ते पाहावे. वस्तू असेल तर ती स्वस्त आणि बदलता येण्याजोग्या भागावर पडावी. त्यासाठी अभियंत्यांचे आभार मानावेत. पण झिजणारा माणूस असेल, तर तो बदलता येण्याजोगा भाग नाही, हे निक्षून सांगणारे कोणीतरी त्या बैठकीत हजर असले पाहिजे. मोबाइलच्या टोकासाठी सात कंपन्या, एक संसद आणि सव्वीस-सत्तावीस वर्षे लागली. माणसाच्या कमरेसाठी किती लागतील, हे आपण किती नेटाने विचारतो त्यावर अवलंबून आहे.