दार आणि इशारा : उपनगरी गाड्यांतील सूचनांचा पूर्वेतिहास

स्वारगेट ते कात्रज ह्या सुमारे साडेपाच किलोमीटर लांबीच्या भुयारी मेट्रोमार्गाचे भूमिपूजन २९ सप्टेंबर २०२४ रोजी झाले. मूळ आराखड्यात ह्या मार्गावर मार्केट यार्ड, पद्मावती आणि कात्रज अशी तीनच स्थानके होती. बिबवेवाडी व बालाजीनगर ह्या आणखी दोन स्थानकांना राज्य मंत्रिमंडळाने २०२५ मध्ये मान्यता दिली. मार्ग पुरा झाला म्हणजे बिबवेवाडीकराच्या कानावर नित्य पडावयाच्या गोष्टी त्याला आजच स्वारगेटच्या गाडीत ऐकता येतात : पुढील स्थानकाचे नाव, दारे कोणत्या बाजूस उघडणार ह्याची सूचना आणि दारे मिटण्यापूर्वी वाजणारा नाद. नित्याच्या सवयीने ह्या गोष्टी क्षुल्लक वाटू लागतात. परंतु महाराष्ट्राच्या उपनगरी प्रवासाचा इतिहास पाहता त्यांच्यामागे एक मोठा प्रश्न उभा असल्याचे दिसून येते. उतारू गाडीतून पडला तर दोष कोणाचा, हा तो प्रश्न होय.

आरंभीच्या काळी रेल्वेचा इशारा हा गाडीचा नसून स्थानकाचा होता. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याकडे पहिली उतारू गाडी सुटली, आणि पुढे लोहमार्ग देशभर पसरत गेला तसा घंटा, शिटी व निशाण ह्यांचा एक संकेतसमूह रूढ झाला. अनेक स्थानकांवर रुळाचाच एक तुकडा टांगून त्यावर टोले देत. ही घंटा फलाटावरील सर्वांसाठी असे. गाडी येण्याची वा सुटण्याची वेळ झाली एवढेच ती सांगे. चढणाऱ्याने कसे चढावे, दारात उभे राहावे की नाही, ह्याविषयी ती मुकी होती. त्या बाबतीत बोलत असे तो कायदा.

इ. स. १८९० च्या भारतीय रेल्वे अधिनियमाचे ११८ वे कलम ह्या दृष्टीने लक्षपूर्वक वाचण्यासारखे आहे. चालत्या गाडीत चढणे वा उतरणे हा त्या कलमान्वये अपराध होता. टपावरून वा पायदानावरून प्रवास करणेही अपराधच, परंतु तेथे एक अट घातलेली होती : रेल्वेच्या नोकराने तसे न करण्याविषयी बजावल्यानंतरही उतारूने ते चालू ठेवले पाहिजे. १९८९ च्या अधिनियमातील १५६ व्या कलमात हीच अट कायम राहिली असून शिक्षा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाचशे रुपयांपर्यंत दंड अथवा दोन्ही अशी आहे. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने इशारा ही निव्वळ सदिच्छा नव्हे. तो अपराधाचा एक घटक आहे. इशारा दिला की जबाबदारी एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर जाते. मराठीतील 'इशारा' हा मूळ अरबी शब्द खूण आणि ताकीद हे दोन्ही अर्थ वाहतो, हे येथे सहज स्मरते. रेल्वेच्या पहिल्या शतकात खूण स्थानकाच्या घंटेकडे राहिली आणि ताकीद अधिनियमाकडे.

३ फेब्रुवारी १९२५ रोजी बोरीबंदर ते कुर्ला ही विजेची पहिली गाडी धावली. १९२८ च्या जानेवारीत चर्चगेट-बोरिवली मार्गही विजेवर आला. विजेच्या गाड्यांनी वेग वाढविला, थांबे तोकडे केले आणि गर्दी सामावून घेतली. डब्यांची दारे सरकती आणि रुंद होती खरी, परंतु ती उतारूच्या हाताने सरकावयाची. ती मिटल्यावाचून गाडी निघू नये अशी कोणतीही योजना नव्हती. गाडी सुटण्याचा संकेत मागील टोकाच्या गार्डाकडून पुढील मोटरमनला घंटीने मिळतो. तो दोन नोकरांमधील संवाद होय, आणि गाडीतील हजारो उतारू त्याला पारखे असतात. त्यांना गाडी सुटल्याचे कळते ते धक्क्याने. २०२२ पासून गार्डास 'ट्रेन मॅनेजर' असे भारदस्त नाव मिळाले. घंटी मात्र उतारूंना पूर्वीसारखीच अश्राव्य राहिली.

ही उणीव मुंबईकराने आपल्या परीने भरून काढली. कोणत्या स्थानकावर फलाट कोणत्या बाजूस येतो ह्याचे ज्ञान तोंडपाठ असणे हे तेथील नागरिकत्वाचेच लक्षण मानले जाई. दाराजवळच्या माणसाला मागून 'उतरणार का?' असे विचारले जाते, दारातले लोक 'आत चला' म्हणून ओरडतात, आणि नवख्याला कोणीतरी बाजू दाखवून देतो. उद्घोषणेचे काम अशा रीतीने उतारूंनीच वाटून घेतले. पुण्यात ह्याच कामाला पीएमटीच्या बसमध्ये पगारी माणूस होता. कंडक्टर घंटीची दोरी ओढी, थांब्याचे नाव पुकारी आणि 'पुढे चला' म्हणून दटावीही. सातारा रस्त्याने बिबवेवाडीकडे जाणाऱ्या उतारूला दाराविषयीचा इशारा प्रथम मिळाला तो ह्या मानवी कंठातून. लंडनच्या भुयारी रेल्वेतही एके काळी दोन डब्यांमधील फाटकाशी एकेक गेटमन उभा असे. फाटक उघडणे व स्थानकाचे नाव पुकारणे ही दोन्ही कामे त्याचीच. हवेच्या दाबावर चालणारी दारे १९२० नंतर आली आणि गेटमन हळूहळू गेला. त्याचा आवाज ध्वनिमुद्रित होऊन परत यावयास १९६८ साल उजाडले. गाडी व फलाट यांतील फटीविषयीची तेथील प्रसिद्ध सूचना त्या सुमाराची आहे. दार आणि आवाज ही मुळात एकाच माणसाची कामे होती, हे ह्यावरून ध्यानी येते.

मुंबईत आवाज आधी आला आणि दार मागाहून. लोकलमध्ये स्थानकाचे नाव मराठी, हिंदी व इंग्रजीत सांगणारी यंत्रे बसली, पायदान व फलाट ह्यांतील अंतराकडे लक्ष देण्याची सूचना होऊ लागली. परंतु ज्या अंतराची सूचना द्यावयाची ते अंतर तसेच होते. २०१४ मध्ये घाटकोपर येथील अपघातानंतर मुंबई उच्च न्यायालयाने फलाटांची उंची वाढविण्याच्या प्रश्नात लक्ष घातले, तेव्हा कोठे सिमेंट-काँक्रीटचे काम वेगाने सुरू झाले. २०२० च्या सुमारास काही डब्यांच्या दारावर गाडी सुटताना पेटणारा निळा दिवा बसविण्यात आला. गाडी सुटत असल्याचा संकेत दारातच मिळण्याची ही सोय पहिल्या विजेच्या गाडीनंतर सुमारे पंचाण्णव वर्षांनी झाली.

दरम्यान न्यायाची दिशा निराळ्याच अंगाने बदलत गेली होती. १९९४ च्या दुरुस्तीने रेल्वे अधिनियमात १२४-अ हे कलम आले. गाडीतून अपघाताने पडणे ही 'अनुचित घटना' ठरून, रेल्वेची चूक असो वा नसो, भरपाई देय झाली. आत्महत्या, स्वतः करून घेतलेली इजा, स्वतःचे गुन्हेगारी कृत्य, नशा वा वेड, आणि नैसर्गिक कारण वा आजार एवढेच अपवाद राहिले. गाडीत चढू पाहताना पडणाऱ्यालाही हे संरक्षण आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये ठरविले. २०१० च्या एका निर्णयात ते आणखी पुढे गेले : उघड्या दारात उभे राहणे हा फार तर निष्काळजीपणा होईल, परंतु ते गुन्हेगारी कृत्य नव्हे, सबब भरपाई नाकारता येणार नाही. १८९० च्या कलमातील तर्क येथे भरपाईपुरता तरी निष्प्रभ झाला. इशाऱ्याने जबाबदारी उतारूकडे सरकविण्याची वाट अरुंद झाली, आणि दार उघडे ठेवण्याचा खर्च रेल्वेच्या खात्यावर चढू लागला. भरपाईने मृत्यू थांबत नाहीत, हे उघड आहे. मुंबईच्या उपनगरी मार्गांवर २०२३ ह्या एका वर्षात अडीच हजारांहून अधिक माणसे मरण पावली. त्यांत रूळ ओलांडताना सापडलेल्यांचा वाटा मोठा असला, तरी धावत्या गाडीतून पडणाऱ्यांची संख्याही थोडी नव्हे.

मग दार मिटविले का गेले नाही? ह्याचे उत्तर केवळ अनास्थेत शोधणे अन्यायाचे ठरेल. वातानुकूलन नसलेल्या, खच्चून भरलेल्या डब्याचे दार मिटले तर आतल्या माणसांचा श्वास कोंडणार. शिवाय थांबा जेमतेम अर्ध्या मिनिटाचा, आणि दारात एक जरी माणूस अडला तरी गाडी निघणार नाही. पश्चिम रेल्वेने २०१५ मध्ये महिलांच्या प्रथम वर्गाच्या डब्यात स्वयंचलित दारांचा प्रयोग करून पाहिला. २५ डिसेंबर २०१७ रोजी बोरिवली-चर्चगेट मार्गावर पहिली वातानुकूलित लोकल धावली, तेव्हा मिटणारे दार मुंबईच्या उपनगरी रेल्वेत खऱ्या अर्थाने आले. मुंबईच्या मेट्रोत ते ८ जून २०१४ पासून, आणि कोलकात्याच्या मेट्रोत तर १९८४ पासूनच होते. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळ दोन गर्दीच्या गाड्यांतून उतारू खाली पडून काहींचा मृत्यू झाला. त्यानंतर, वातानुकूलन नसलेल्या गाड्यांनाही स्वयंचलित दारे बसविण्याचे रेल्वे मंत्रालयाने जाहीर केले. त्यासाठी दारांना झडपा, टपावर वायुवीजन यंत्रे आणि डब्यांना जोडणारे मार्ग अशी रचना योजिली. शतकाचा अडथळा अखेर हवेचा होता, हे त्या योजनेतच मान्य झालेले आहे.

मिटणाऱ्या दाराने इशाऱ्याचे स्वरूपच पालटले. सर्व दारे मिटून कड्या पक्क्या बसल्याचे विद्युत्-मंडलाने सिद्ध झाल्यावाचून मेट्रोच्या चाकांना शक्ती मिळत नाही, आणि अडथळा आढळल्यास दार पुन्हा उघडते. तेथील नाद कोणालाही अपराधी ठरवीत नाही. यंत्र आता हलणार एवढेच तो शरीराला कळवितो. सूचनेची भाषाही त्याप्रमाणे बदललेली दिसते. जुन्या फलकांवर 'करू नये', 'दंडास पात्र' असा निषेधाचा थाट असे. 'दारे डाव्या बाजूस उघडतील' हे मात्र साधे भविष्यकाळी विधान आहे. त्यात कर्ता उतारू नसून दार आहे.

पुण्यात ही दोन्ही युगे एकमेकांशेजारी नांदतात. पुणे-लोणावळा लोकल १९७८ च्या मार्चपासून उघड्या दारांनी धावत आली. ६ मार्च २०२२ रोजी सुरू झालेली मेट्रो पिंपरीहून येताना कासारवाडी, दापोडी व खडकी ह्या भागांत त्याच लोहमार्गाच्या जवळून जाते. २९ सप्टेंबर २०२४ पासून ती भुयारातून स्वारगेटपर्यंत पोहोचली. बिबवेवाडीहून निघून शिवाजीनगरला लोणावळ्याची गाडी पकडणाऱ्या उतारूला पहिल्या गाडीत दाराचा नाद ऐकू येईल, आणि दुसरीत सुटण्याचा धक्का बसेपर्यंत दांडी स्वतःच घट्ट धरून ठेवावी लागेल.