तुमसर परिसरातील मोहफूल : निसर्ग, लोकजीवन आणि कायदा

प्रस्तावना

भंडारा जिल्ह्यातील तुमसर तालुका भाताची बाजारपेठ आणि चिखला, डोंगरी बुजुर्ग येथील मँगनीजच्या खाणी यांमुळे परिचित आहे. तथापि तालुक्याच्या उत्तरेकडील सातपुड्याच्या जंगलपट्ट्यातील गोंड व इतर कुटुंबांचे जीवन मोहाच्या झाडाशीही निगडित राहिले आहे. या झाडाच्या फुलावर हक्क कोणाचा, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

फुलाचे स्वरूप

मोह म्हणजे संस्कृतातील मधूक. शास्त्रीय नाव मधुका लाँगिफोलिया. कूळ सॅपोटेसी, म्हणजे चिकूचेच. पानगळीनंतर, साधारणतः मार्च-एप्रिलमध्ये, फांद्यांच्या टोकांना फुलांचे घोस येतात. फिकट पिवळसर, मांसल पाकळ्यांत साखरेचे प्रमाण भरपूर असते. रात्री या गोडव्यासाठी वटवाघळे येतात व परागीभवनास साहाय्य करतात. पहाटे पाकळ्यांचा भाग गळतो, पण बीजकोश झाडावरच राहतो. म्हणूनच गळलेली फुले वेचल्याने फळधारणेस बाधा येत नाही.

या फुलाचे सौंदर्य अभिजात साहित्यालाही जाणवले होते. कालिदासाच्या ‘रघुवंशा’त स्वयंवरप्रसंगी इंदुमतीच्या हातातील माळ दूर्वा व मधूकपुष्पांची आहे.

दैनंदिन उपयोग

पहाटे टोपल्या घेऊन स्त्रिया व मुले फुले वेचतात आणि अंगणात वाळवतात. वाळलेली फुले भाजून किंवा उकडून खाल्ली जातात, गुरांनाही दिली जातात. बियांपासून, म्हणजे टोळीपासून, काढलेले तेल खाण्यासाठी, दिव्यासाठी व साबणासाठी वापरले जाते. १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दुष्काळांत मध्य प्रांतातील गरिबांना जंगलातील अशाच अन्नाचा आधार होता. फुलांपासून दारूही गाळली जाते. शासनाने मात्र प्रामुख्याने हाच एक उपयोग पाहिला.

कायद्याच्या नजरेतून

मुंबई इलाख्यात १८९२ च्या मोहा कायद्याने ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत मोहफुलांवर निर्बंध घातले. भंडारा त्या वेळी मध्य प्रांतात होता. तेथे तो कायदा लागू नव्हता, परंतु अबकारी परवान्यांची व्यवस्था होती. पुढे १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाने मोहाची फुले व बिया, त्या जंगलात मिळोत वा अन्यत्र, ‘वनोपज’ या व्याख्येत समाविष्ट केल्या. परिणामी शेताच्या बांधावरील मोहदेखील वनकायद्याच्या कक्षेत आला. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत विदर्भ मुंबई राज्यात आला आणि त्यानंतर १९४९ च्या मुंबई दारूबंदी अधिनियमातील मोहफुलांविषयीच्या तरतुदीही येथे लागू झाल्या. २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावरील हक्कास मान्यता दिली, तर २०२१ मध्ये महाराष्ट्र शासनाने मोहफुले गोळा करणे, साठवणे व त्यांची वाहतूक करणे यांवरील निर्बंध उठविले. दारू गाळण्यावरील नियंत्रण मात्र कायम आहे.

निष्कर्ष

वेचणारा झाडाने स्वतः सोडून दिलेलेच घेतो, हे वनस्पतिशास्त्र सांगते. भट्टीसाठी केलेला बंदोबस्त सुमारे शतकभर अन्नाच्या टोपलीवरही लादला गेला, ही या इतिहासातील मूळ विसंगती होय. अर्थात हक्काबरोबर जबाबदारीही येते. फुले सहज दिसावीत म्हणून झाडाखालचा पालापाचोळा जाळण्याच्या प्रथेमुळे वणवे लागतात व कोवळी रोपे नष्ट होतात. पाचोळा जाळण्याऐवजी झाडून बाजूला केल्यास आजचा हक्क पुढच्या पिढीच्या मोहापर्यंत पोहोचेल.