भोकर, सपिस्तान आणि श्लेष्मा

नांदेड जिल्ह्यातल्या भोकर तालुक्याचे नाव भोकराच्या झाडावरूनच पडले असावे. पण हे 'भोकर' कोठून आले? अमरकोशात या झाडाची शेलु, श्लेष्मातक, उद्दाल, बहुवारक अशी नावे आहेत. त्यांतल्या 'बहुवारक'शी आपले नाते जुळते असे दिसते. 'बहु'चा 'भो' होणे प्राकृताच्या वळणाचेच आहे. 'र' आणि 'क' यांनी मात्र जागा बदलल्या असाव्यात. 'चिकटणे' आणि 'चिटकणे' आपण दोन्ही म्हणतोच.

चिकटण्याची गोष्ट निघाली ती बरीच झाली. कच्चे भोकर लोणच्यासाठी ठेचून बी काढताना बोटे मिठात बुडवावी लागतात, नाहीतर तार सुटत नाही. 'श्लेष्मातक' या नावात ही तारच आहे. 'श्लिष्' म्हणजे चिकटणे, बिलगणे. कवीचा श्लेष, आश्लेषा नक्षत्र आणि वैद्यांचा श्लेष्मा, म्हणजे कफ, ही सगळी त्याच धातूची लेकरे.

हेच नाव 'श्लेष्मान्तक' असेही भेटते. काठमांडूत पशुपतिनाथाजवळच्या वनाचे नाव हेच आहे. आता अर्थ होतो कफाचा अंत करणारा. मग आधीचे कोणते, कफासारखा की कफाचा काळ?

इथे शेजाऱ्यांना विचारावे. लिनियसने १७५३ साली भोकराच्या भाऊबंदाला 'कॉर्डिया मिक्सा' म्हटले. त्यातला ग्रीक 'मिक्सा' म्हणजे शेंबूड. तेलुगूत 'बंक नक्केर', आणि 'बंक' म्हणजे डिंक. हिंदी 'लसोडा' श्लेष्मातकाचाच वंशज असावा, पण त्याच्या कानाला 'लस', म्हणजे चिकटपणा, लागलेला दिसतो. चिनीत मात्र 'फाटक्या कापडाचे झाड' म्हणतात. तिथे नजर गरावर न जाता दुसरीकडेच गेलेली दिसते.

फारसीची नजर आकारावर गेली. 'सपिस्तान' हे मुळात 'सग-पिस्तान', कुत्रीचे स्तन. 'सग' आणि आपला 'श्वन्', 'पिस्तान' आणि 'स्तन' ही चुलत भावंडे. हाच शब्द युरोपातल्या औषधी ग्रंथांत 'सेबेस्तेन' होऊन बसला. नांदेड-लातूर १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होते, तेव्हा हकिमांचे शब्द इकडे परके नसावेत. रेंगाळलेल्या कोरड्या खोकल्यावर ते 'लऊक सपिस्तान' देत. 'लऊक' अरबी, चाटण्याच्या धातूपासून. वैद्यांचा 'अवलेह' 'लिह्'पासून, तोही चाटण्याचाच. उन्नाब, म्हणजे एक प्रकारचे सुके बोर, आणि सपिस्तान घालून उकळला की जोशांदा. 'जोश' म्हणजे उकळी. अंगात चढतो तो जोशही मुळात हाच. आपला 'काढा' 'क्वाथ'पासून, कढण्यातून आला. म्हणजे वैद्य आणि हकीम दोघेही एकच क्रिया बोलत होते.

एवढ्यावरून वाटते की 'श्लेष्मातक' हे आधी गराचे वर्णन असावे. बुळबुळीत गर खवखवत्या घशाला आराम देतो हे अनुभवाने कळले आणि मग नावात 'अन्तक' वाचला गेला असावा. उपचाराने शब्दाला नवा अर्थ दिला, हे मला फार सुंदर वाटते.

'शेलु' तेवढा उरतो. परभणी जिल्ह्यातले सेलू याच झाडाचे असावे काय? गावाच्या जुन्या शिवारात भोकरे किती होती हे तिथल्या म्हाताऱ्यांना विचारावे; कोशापेक्षा चांगला पुरावा तिथे मिळेल.