आग्रा रोडवरून गेलेला सारथी

वाशीत घर घेतले तेव्हा दलालाने सांगितले होते की, इथे रात्री खाडीचा वारा येतो. वारा येतो हे खरे. पण वाऱ्याबरोबर आणखी काय येते ते त्याने सांगितले नव्हते. शनिवारची रात्र, बारा वाजून गेलेले, आणि पाम बीच रोडच्या बाजूने एकदम एखादे कापड टराटरा फाडावे तसा आवाज येतो. मोटारी आणि फटफट्या यांची शर्यत लागलेली असते. आमच्या सौभाग्यवती कूस बदलून म्हणतात, "निघाली कार्टी!" आणि मी उशीत तोंड खुपसतो.

या आवाजाचा राग माझ्या मनात असल्यामुळेच असेल, गेल्या वर्षी माझ्या हातून एक चूक झाली. नववीच्या वर्गाला मी निबंध दिला होता, 'मला कोण व्हावेसे वाटते?' डॉक्टर, इंजिनिअर, क्रिकेटपटू अशी नेहमीची जत्रा होती. एका पोराने मात्र लिहिले की, मला मोटारींच्या शर्यतीतला चालक व्हायचे आहे. मी तांबड्या शाईने शेरा मारला, 'आधी सायकलला ब्रेक बसवून घे', आणि तो वर्गात वाचूनही दाखवला. वर्ग खदखदून हसला. पोरगा हसला नाही. मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीच्या दारात उभा राहून त्याने विचारले, "सर, तुम्ही खराखुरा रेसर कधी पाहिलाय का?"

मी पाहिलेला नव्हता. पण आमच्या मामांनी पाहिला होता, निदान ते तसे सांगत असत, आणि आम्ही भाचरांनी ते कधी मनावर घेतले नव्हते.

मामा शहापूरचे. १९६८ साली ते अकरा वर्षांचे होते. त्यांची गोष्ट अशी: डिसेंबरचे पहिले दिवस. आग्रा रोडवर सकाळपासून माणसे दाटलेली. रंगीबेरंगी पट्ट्यांच्या, धुळीने माखलेल्या, दारांवर मोठे आकडे रंगवलेल्या मोटारी कसाऱ्याचा घाट उतरून एकामागून एक मुंबईकडे सुसाट चाललेल्या. त्यांतली एक लांबट, बेडकासारख्या तोंडाची गाडी चहाच्या टपरीपुढे थांबली. तिचे चाक बदलायचे होते. चालकाने एक खुंटी काढून गाडीच्या कुशीला टेकवली, आत हात घालून एक दांडा फिरवला, आणि गाडी आपली आपण खाली बसली. बसली ती अशी की, नालबंदासमोर घोड्याने पाय उचलावा तसे तिने एका बाजूचे चाक अलगद वर उचलून धरले! ना कोणी पंप मारला, ना कोणी जोर लावला. चाक बदलून झाल्यावर ती पुन्हा उभी राहिली आणि निघून गेली. "गोरा माणूस घामाने निथळत होता, पण घाईत नव्हता," एवढे मामा नेमके सांगतात.

पाय उचलणारी मोटार म्हणजे मामांच्या कल्पनेचा वारू, असेच आम्ही धरून चाललो होतो. त्या पोराच्या प्रश्नाने मी खजील झालो आणि शोधाला लागलो, तेव्हा कळले की, मामांचे अक्षर नि अक्षर खरे होते.

ती गाडी म्हणजे फ्रान्सची सित्रोएन डी. एस. १९५५ साली ही गाडी निघाली तेव्हा सारे मोटारजगत चकित झाले होते. इतर गाड्यांना पोलादी स्प्रिंगा असतात. हिला प्रत्येक चाकापाशी एक गोळा असतो, त्यात दाबून भरलेला वायू आणि त्याखाली तेल. तेल कमीजास्त केले की गाडी उठते किंवा बसते. खड्ड्यातून ती धक्का खात जात नाही, पोहत जाते म्हणा ना. आणि ती शहापुरावरून का गेली, तर त्या वर्षी लंडनहून सिडनीपर्यंत मोटारींची शर्यत निघाली होती, आणि तिचा जमिनीवरचा पहिला टप्पा आपल्या मुंबईत संपत होता.

१९६७ च्या अखेरीस ब्रिटनमध्ये पौंडाची किंमत घसरली होती आणि देश मरगळला होता. लोकांना जरा उभारी यावी म्हणून 'डेली एक्स्प्रेस' या वर्तमानपत्राच्या मालकांनी ही शर्यत काढली, आणि सिडनीच्या 'डेली टेलिग्राफ'ने तिला हात दिला. पहिले बक्षीस दहा हजार पौंड. २४ नोव्हेंबर १९६८ रोजी लंडनच्या क्रिस्टल पॅलेसपासून ९८ मोटारी सुटल्या. पॅरिस, बेलग्रेड, इस्तंबूल, तेहरान, काबूल, मग खैबर ओलांडून दिल्ली आणि मुंबई, असे सुमारे अकरा हजार किलोमीटर. प्रत्येक नाक्यावर ठरलेल्या वेळेपेक्षा जितकी मिनिटे उशीर, तितके गुण अंगावर चढायचे. ज्याचे गुण सर्वांत कमी तो विजयी. मुंबईचे बोमसी वाडिया यांचीही एक गाडी या मेळ्यात होती. मुंबईपर्यंत ७२ गाड्या पोहोचल्या. बाकीच्या वाटेतच गळाल्या.

आता त्या घामाने निथळणाऱ्या माणसाविषयी. शर्यतीत सित्रोएन गाड्या एकाहून अधिक होत्या, तेव्हा मामांचा चालक हाच असे मी शपथेवर सांगणार नाही. पण त्या गाड्यांतला सर्वांत नामांकित सारथी होता ल्यूसियाँ बियांकी, आणि त्याची हकीकत वाचता वाचता मी रात्री दोन-दोन वाजेपर्यंत जागलो. पाम बीचवर शर्यत नसतानाही.

बियांकीचा जन्म १९३४ साली इटलीत मिलान शहरी झाला. बाप मोटारींचा मिस्त्री. जॉनी क्लास नावाचा बेल्जियमचा एक हौशी शर्यतवीर होता. एरवी हा गृहस्थ जॅझ वाद्यवृंद चालवायचा. त्याच्या गाड्या राखण्याचे काम या मिस्त्रीला मिळाले आणि बिऱ्हाड बेल्जियमला गेले. म्हणजे ल्यूसियाँ आणि त्याचा धाकटा भाऊ मॉरो ही पोरे ग्रीसच्या वासात वाढली. आपल्याकडे तमासगिराचे पोर ढोलकीच्या आवाजात झोपी जाते, तसे हे.

त्या काळात शर्यतीच्या चालकांत दोन जाती होत्या, असे माझ्यासारख्या अडाण्याला दिसते. एक जात दोन तासांच्या झुंजीची: एकासनी गाडी, तोफेतून सुटल्यासारखे सुटायचे आणि संपवायचे. दुसरी जात रात्रंदिवस चालणाऱ्यांची. बियांकीने पहिल्या जातीतही पाऊल टाकले, आणि १९६८ च्या मे महिन्यात मोनॅकोच्या ग्रां प्रीमध्ये तो तिसरा आला. पण त्याचे खरे घर दुसऱ्या जातीत. १९५७, ५८ आणि ५९ अशी लागोपाठ तीन वर्षे ऑलिव्हिये जेंदेबियाँच्या जोडीला बसून त्याने फ्रान्सच्या फेरीची मोटारशर्यत जिंकली. १९६१ साली बेल्जियममधल्या लिएजहून बल्गेरियातल्या सोफियापर्यंत जाऊन परत येण्याची, झोप म्हणून न घेऊ देणारी शर्यत त्याने सित्रोएनमधूनच मारली. मुंबईचा रस्ता धरला तेव्हा ही गाडी त्याच्या हाताखालून गेलेली होती, ती अशी. १९६२ साली तो अमेरिकेत सेब्रिंगला गेला. तिथे एका जुन्या लष्करी विमानतळावर बारा तास गाडी पळवतात. जो बॉनिएबरोबर फेरारीतून तीही शर्यत त्याने जिंकली.

आणि मग १९६८ साल. फ्रान्समधल्या ल मां गावी दरसाल चोवीस तासांची शर्यत होते. साडेतेरा किलोमीटरचे रिंगण. त्या काळी दोघा चालकांनी आळीपाळीने बसायचे. दुपारी सुरू करायचे ते दुसऱ्या दुपारपर्यंत. शर्यत जूनमध्ये व्हायची, पण त्या वर्षी फ्रान्समध्ये विद्यार्थ्यांचे आणि कामगारांचे मोठे बंड झाले, म्हणून ती २८ आणि २९ सप्टेंबरला घेतली. बियांकी आणि मेक्सिकोचा पेद्रो रॉड्रिगेस यांनी फोर्ड जी. टी. ४० गाडीला त्या रिंगणात ३३१ फेऱ्या मारवल्या आणि पहिला नंबर काढला. म्हणजे साधारण ४,४५० किलोमीटर एका दिवसात! मुंबईहून निघून दिल्लीला जावे, परत यावे, पुन्हा दिल्लीला जावे, आणि तरी वर काही उरावे.

त्याच शर्यतीत धाकट्या मॉरोची गाडी आपटून पेटली आणि तो भाजला. भाऊ इस्पितळात, आणि थोरला विजयाच्या कट्ट्यावर. मॉरो वाचला, पण ती सकाळ ल्यूसियाँने कशी काढली असेल, याचा मी कादंबरीकार म्हणून पुष्कळ विचार केला आणि एक ओळही लिहिली नाही.

यानंतर सुमारे दोन महिन्यांत हा माणूस लंडनहून निघून आपल्या आग्रा रोडवर आला होता! सोबत जाँ-क्लोद ओजिए हा फ्रेंच चालक.

मुंबईत इंग्लंडचा रॉजर क्लार्क पुढे होता. ५ डिसेंबरच्या पहाटे 'चुसान' नावाची आगबोट गाड्या आणि चालक घेऊन मुंबई बंदरातून निघाली. त्या काळी आमची वाशी म्हणजे खाडीकाठचे कोळ्यांचे गाव. पलीकडे जायला पूलसुद्धा नव्हता, तो १९७३ साली झाला. बोट ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम किनाऱ्याला लागली, आणि १४ तारखेच्या संध्याकाळी पर्थहून गाड्या पुन्हा सुटल्या. तीन दिवसांच्या आत आख्खा खंड ओलांडायचा होता. क्लार्कच्या गाडीचे इंजिन बिघडले, पुढे मागच्या आसाचे गिअर फुटले. बियांकी मात्र आपल्या वायूच्या गोळ्यांवर पोहत पोहत सगळ्यांच्या पुढे आला. वाटेत कांगारू आडवे येतात म्हणून गाड्यांना पुढे लोखंडी गज बांधलेले होते. बियांकीला आडवे आले ते कांगारू नव्हे.

१७ डिसेंबर. सिडनी उरले होते सुमारे दीडशे किलोमीटर. अवघड रस्ता संपला होता. आता गाडी नुसती नेऊन उभी करायची, की दहा हजार पौंड. नाउरा गावाजवळ, इतर वाहनांना बंद केलेल्या रस्त्यावर, समोरून एक छोटी मिनी मोटार चुकून घुसली आणि सित्रोएनवर समोरासमोर आदळली. ओजिए चालवत होता, बियांकी शेजारी होता. तो आत अडकला. दोन्ही गाड्यांना आग लागली.

मागून आयर्लंडचा पॅडी हॉपकर्क येत होता. १९६४ ची माँटे कार्लोची शर्यत मिनीमधूनच जिंकलेला हा पटाईत गडी. बियांकी बाजूला झाला म्हणजे विजयाची वाट मोकळी, हे त्याला सांगायला कोणी नको होते. त्याने गाडी थांबवली. तो आणि त्याचे दोघे सोबती उतरले, आग विझवली, अडकलेल्यांना मदत केली, आणि मग पुढे गेले. स्कॉटलंडचा अँड्र्यू कोवन ५० गुणांनी पहिला आला. हॉपकर्कचे झाले ५६. फरक सहा मिनिटांचा.

हॉपकर्क थांबला नसता तर जिंकलाच असता का, यावर अजून लोक वाद घालतात. मला तो हिशेब मांडायचा नाही. ज्याने ती सहा मिनिटे मोजली नाहीत, त्याच्या वतीने मी कोण मोजणार?

बियांकी पाय मोडून घेऊन घरी गेला, बरा झाला, आणि पुन्हा चक्रापाशी बसला. ३० मार्च १९६९ रोजी तो ल मांलाच, वार्षिक शर्यतीपूर्वीच्या चाचणीत आल्फा रोमिओ चालवत होता. गाडी लांब सरळ रस्त्यावरून फेकली गेली आणि तारेच्या खांबावर आदळली. वय चौतीस. मॉरोचा नातू ज्यूल पुढे याच धंद्यात आला. २०१४ च्या ऑक्टोबरात जपानमध्ये पावसात त्याची गाडी घसरून दुसरी मोटार उचलायला आलेल्या यंत्रावर गेली. १७ जुलै २०१५ ला तोही गेला. एका मिस्त्रीच्या घराने दिलेले हे मोल.

नववीच्या त्या पोराला मी हे सगळे सांगितले. वर्गात शेरा वाचला होता, म्हणून हेही वर्गातच सांगितले. तो म्हणाला, "पाम बीचवर करतात ती रेस नाहीच सर. तिथं समोरून कोणीही येतं." मी त्याच्या वहीतला शेरा खोडला. तांबडी शाई नीट खोडली जात नाही, एवढे खरे.

दिवाळीपूर्वी शहापूरला गेलो तेव्हा मामांनाही बियांकीचे सांगितले. मामांनी चहाचा कप खाली ठेवला. आम्ही इतकी वर्षे त्यांची गोष्ट थट्टेवारी नेली, याबद्दल ते काहीच बोलले नाहीत. थोड्या वेळाने म्हणाले, "म्हणजे मार्चातच गेला म्हण की. मी तर पुढच्या डिसेंबरात चार दिवस शाळा बुडवून त्या टपरीवर बसलो होतो रे. मला वाटलं, दरवर्षी येत असतील."