आमची खपली आणि गव्हावरचा तांबेरा



आपल्या मीरा-भाईंदरमध्ये गहू पिकत नाही. इथे मिठागरे, उत्तनला मासळी, काशीमिऱ्याच्या बाजूला भाताची खाचरे. गहू येतो तो पोत्यातून, आणि आपली त्याची ओळख गिरणीपुरती. मागे एकदा आम्ही चौघी गिरणीत रांगेत उभ्या होतो. एकीच्या डब्यात खपली होती. दुसरी म्हणाली, "हा साखरेच्या पेशंटचा महागडा गहू ना?" तासगावकडच्या एक मावशी मागे उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "अगं, आमच्याकडे याची खीर व्हायची. आणि याला तांबेरा सहसा शिवत नसे." खिरीचे आम्हाला माहीत होते. तांबेऱ्याचे शोधायला गेलो, तर गोष्ट ऑस्ट्रेलियापर्यंत पोहोचली.

तांबेरा ही बुरशी. तिची बारीक पूड वाऱ्यावर उडत येते, पानावर नाहीतर काडीवर बसते आणि आत शिरते. मग विटकरी, तपकिरी फोड उठतात. हात फिरवला तर बोटांना गेरू लागल्यासारखा दिसतो. झाडाचा रस बुरशी खाते आणि दाणा चिमतो. आपल्याकडे पानावरचा नारिंगी-तपकिरी आणि काडीवरचा काळा, हे दोन तांबेरे मुख्य. 1946-47 च्या हंगामात मध्य भारतात काळ्या तांबेऱ्याची अशी साथ आली की सुमारे 20 लाख टन गहू गेल्याचा अंदाज सांगतात. रेशनचे दिवस होते ते. ज्या घरात तो चिमलेला गहू आला असेल, तिथे भाकरी कशी पुरवली असेल, हे आकड्यात कुठे लिहिलेले नसते.

पण मे महिन्याच्या उन्हात शेत रिकामे असते, तापलेले असते. मग दरवर्षी हा रोग येतो कुठून? आग्र्याच्या करमचंद मेहता यांनी वर्षानुवर्षे हेच शोधले. मैदानात उन्हाळ्यात ही पूड मरून जाते, थंड डोंगरांवर मात्र बिनहंगामी गव्हावर जगते, आणि तिथून वाऱ्याबरोबर खाली उतरते. दक्षिणेत ते डोंगर म्हणजे निलगिरी आणि पळणी.

वाऱ्याला कोण अडवणार? म्हणून झाडच खंबीर हवे. रोगाला दाद न देण्याचा गुण आईबापांकडून पिढीत ठरावीक हिशेबाने उतरतो, हे केंब्रिजच्या बिफेन यांनी 1905 मध्ये गव्हावरच दाखवले. त्या गुणामागे असते जनुक. अडचण एवढीच की बुरशीच्याही जाती असतात. गव्हाने एक कुलूप लावले की कधीतरी तिच्यात त्याची किल्ली असलेली जात निपजते. कोणत्या शेतात कोणती जात आहे हे ओळखण्यासाठी अमेरिकेत स्टॅकमन यांनी बारा गव्हांचा एक संच वापरला. बुरशी कुणावर पडते, कुणावर नाही, यावरून तिची जात ठरवायची. त्या बारांत एक नाव होते, खपली. आणि बहुतेक जातींपुढे ती टिकून राहायची.

हे कळल्यावर सिडनीचे वॉटरहाउस यांनी खपलीचा संकर त्यांच्याकडच्या स्टाइनवेडेल नावाच्या गव्हाशी केला. सोपे नव्हते ते. खपलीत गुणसूत्रे 28, पोळीच्या गव्हात 42. असल्या जोडीची रोपे बहुधा वांझ निघतात. त्यातूनही एक वाण उभा राहिला, त्याचे नाव खॅपस्टाइन. 'खप' आपली, 'स्टाइन' त्यांचे. आम्हाला तर हसूच आले.

उलटा प्रवासही झाला. जुन्या मुंबई राज्याच्या काळात नाशिक जिल्ह्यातल्या निफाडच्या संशोधन केंद्रात निफाड 4 या गव्हाचा संकर केनियातल्या तांबेरा सोसणाऱ्या गव्हांशी केला गेला. त्यातून निघालेल्या वाणांची नावे केनफड. केनिया आणि निफाड! निफाड आमच्यातल्या एकीचे माहेर. तिने हे नाव लहानपणी ऐकले होते, अर्थ आता कळला.

एका कुलपावर मात्र भरवसा ठेवता येत नाही. राय नावाच्या धान्यातून आलेले एक जनुक जगभरच्या गव्हांत पोहोचले होते. 1998 मध्ये युगांडात काळ्या तांबेऱ्याची अशी जात सापडली की ते जनुक तिच्यापुढे फोल ठरले. पुढे ती येमेन, इराणपर्यंत गेली. तेव्हा खपलीतून आलेले एसआर 13 हे जनुक त्या जातीच्या कित्येक भावंडांपुढे टिकते, हे दिसून आले. ते जनुक नेमके कोणते, हे 2017 मध्ये उलगडले.

इकडे खपली मात्र शेतातून मागे पडत गेली होती. उतारा कमी, आणि दाण्याला चिकटलेले टरफल काढायला कांडण. ते कांडण कुणाच्या हातांनी व्हायचे, हे आपल्याला कुणी सांगायला नको. सांगली, सातारा, कोल्हापूरकडच्या काही घरांनी खिरीपुरते दोन-चार वाफे पेरत ठेवले, बी डब्यात राखले. त्यांना जनुकाशी काही घेणेदेणे नव्हते.

आता महाबळेश्वरला गेलात तर लक्षात ठेवा, तिथे गव्हावरच्या तांबेऱ्याचे संशोधन केंद्र आहे. थंड, ओलसर हवा या बुरशीला मानवते, म्हणून नव्या वाणांची परीक्षा तिथे होते. शेतकरी ज्याला घाबरतो ते तिथे मुद्दाम वाढू देतात, आणि जो गहू लालसर न होता उभा राहतो त्यावर खूण करतात. आपण स्ट्रॉबेरीची पाटी घेऊन शेजारून निघून येतो.

मावशींनी त्या दिवशी गिरणीवाल्याला बजावले होते, खपली वेगळी दळ, आधीच्या गव्हात मिसळू नकोस.