केडगाव स्टेशन आलं की खिडकीतून जरा बघा

जळगावहून मनमाड-दौंड मार्गे पुण्याला जाताना दौंड सुटलं की थोड्या वेळात केडगाव लागतं. आपली खानदेशी मंडळी तेव्हा बहुतेक झोपेत असतात.

परवा चौकात चहा घेताना धर्मांतरावरून वाद रंगला. एकाने पंडिता रमाबाईंचं नाव काढलं. दुसरा लगेच म्हणाला, "त्या तर बाटल्या होत्या ना!" विषय संपला. मला वाटतं, विषय खरा तिथून सुरू होतो.

रमाबाईंचा जन्म १८५८ चा. तरुणपणीच दुष्काळाने आई, वडील, बहीण नेली. भाऊ श्रीनिवासबरोबर त्या देशभर पायी हिंडल्या. कलकत्त्याच्या पंडितांनी त्यांना 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हटलं. लग्नानंतर दोन वर्षांतच नवरा गेला, कडेवर लहानगी मनोरमा. १८८३ साली इंग्लंडमध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. पण मान तुकवली नाही. ज्या नन्सनी आसरा दिला, त्यांच्याशीही त्या धर्मतत्त्वांवर वाद घालत.

१८८९ ला मुंबईत विधवांसाठी शारदा सदन काढलं, पुढच्या वर्षी ते पुण्याला नेलं. १८९३ मध्ये तिथल्या मुलींवर ख्रिस्ती धर्माचा प्रभाव पडतोय म्हणून गहजब झाला. रानडे, भांडारकरांसारखे सल्लागार बाजूला झाले, पालकांनी मुली काढून नेल्या. बाई एकट्या पडल्या. ना श्रद्धा सोडली, ना काम.

मग १८९६-९७ चा दुष्काळ. स्वतःच्या घरावर गुदरलेलं त्या विसरल्या नव्हत्या. थेट मध्य प्रांतात गेल्या आणि सुमारे तीनशे मुली-बाया घेऊन आल्या. पुण्यात प्लेगचे निर्बंध, तिथं त्यांना ठेवता येईना. म्हणून केडगावच्या माळावर मुक्कम ठोकला. तेच 'मुक्ती'.

त्याच १८९७ मध्ये पुण्याच्या प्लेग इस्पितळात बायकांना मिळणाऱ्या वागणुकीविरुद्ध त्यांनी वर्तमानपत्रात पत्र लिहिलं. सरकार चिडलं, प्रकरण विलायतेच्या पार्लमेंटपर्यंत गेलं. राज्य ख्रिस्ती लोकांचं, बाई ख्रिस्ती, तरी गप्प बसल्या नाहीत.

१९०० च्या दुष्काळात गुजरात पोळला, आपला खानदेशही होरपळला. तेव्हा मुक्तीतली संख्या दोन हजारांच्या घरात पोचली. विहिरी खोदल्या, हातमाग, शेती, छापखाना चालवला. आंधळ्या बायांनाही वाचायला शिकवलं. शेवटच्या वर्षांत हिब्रू-ग्रीकवरून बायबल सोप्या मराठीत आणलं. त्याची छपाईही मुक्तीतल्याच बायांच्या हातची. १९२१ ला मनोरमा गेली, ५ एप्रिल १९२२ ला त्या स्वतः.

मुक्तीत आलेल्या पुष्कळ जणी ख्रिस्ती झाल्या, हे खरं. त्यावर टीका तेव्हा झाली, आजही होते. करणाऱ्यांनी जरूर करावी. पण त्या पोरी रस्त्याच्या कडेला मरत होत्या, तेव्हा त्यांना उचलायला किती जण गेले, हाही प्रश्न सोबत विचारावा.

कोरोनात आपण लांब कशाला, आपल्याच गल्लीत पाहिलं. काहींनी दारं लावून घेतली, काही डबे घेऊन निघाले. डबा देणाऱ्याचा धर्म तेव्हा कुणी विचारला नाही. माणसाची श्रद्धा कसली आहे, ते अशाच दिवसांत कळतं.

पुढच्या वेळी केडगाव आलं तर जागे राहा. एवढंच.