डालड्याच्या डब्यामागची माती

आपल्या पिढीच्या घरात डालड्याचा पिवळा डबा असायचाच. रिकामा झाला की त्यात तुळस लागायची. मुंबईत शिवडीला वनस्पती तूप १९३२ साली बनू लागलं. डालडा हे नाव आलं १९३७ मध्ये.

तेल घट्ट करण्याची युक्ती युरोपातली. साबातिए यांनी निकेलच्या मदतीने वायुरूप पदार्थांना हायड्रोजन जोडून दाखवला, नॉर्मान यांनी १९०१ मध्ये तीच गोष्ट तेलावर केली. साबातिएंना १९१२ चं नोबेल मिळालं. इतिहासात नाव राहिलं ते निकेलचं.

पण नुसती निकेलची पूड तापली की कण एकमेकांना चिकटतात, पृष्ठभाग घटतो, काम मंदावतं. म्हणून या धंद्यात निकेल कीझेलगूरवर बसवू लागले. ही सूक्ष्म शैवालांच्या सांगाड्यांची सच्छिद्र माती. कण सुटे राहिले, थोड्या धातूत जास्त काम झालं, तेल गाळणंही सोपं झालं. छिद्रं फार अरुंद असली तर मात्र तेलाचे मोठे रेणू आत रेंगाळतात आणि नको तितके घट्ट होतात.

नैयायिकांचा दाखला आठवा: जमिनीवर घट. जमीन आधार, घट आधेय. आपल्याला वाटतं, जमीन काहीच करत नाही. इथे तर आधेयाचं सामर्थ्य आधारावर ठरतं.

याच प्रक्रियेत हृदयाला घातक ट्रान्स मेदही तयार होतात. २०२२ पासून भारतात तेल-वनस्पतीत त्यांची मर्यादा २ टक्के आहे. ते किती होतात हे धातू, तापमान, दाब आणि त्या छिद्रांवरही अवलंबून असतं. तेव्हा श्रेय वाटताना जसं मातीला विसरायचं नाही, तसं दोष वाटतानाही नाही.